शतावरीने पाळी परत आली?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

वय ४९. सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. पाळी बंद होऊन सोळा महिने झाले. तेव्हापासून अंगातून गरम वाफा निघतात. फळ्यावर लिहिता लिहिता मान-पाठ भिजून जाते आणि नववीची मुलं बघत बसतात. रात्री दोन-तीनदा जाग येते. पंखा पाचवर, आणि शेजारी हे चादर ओढून कुडकुडतात. थायरॉईडची ७५ची गोळी सहा वर्षांपासून आहे, बीपीची एक आहे. साखर बॉर्डरवर.

हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो असं सगळेच म्हणतात, म्हणून झाडपाल्याचंच घ्यायचं ठरवलं. जावेने सांगितलं म्हणून शतावरी कल्प दुधातून दोन-दोन चमचे दोन वेळा, रात्री अश्वगंधाच्या दोन गोळ्या, सकाळी जवसाची पूड, आणि मुलीने ऑनलाइन मागवलेली मेनोपॉजची कॅप्सूल दिवसाला दोन (लेबलचा फोटो सोबत आहे). अडीच महिने झाले. वाफा थोड्या कमी वाटतात, पण छातीत धडधड वाढली आहे आणि झोप जास्तच उडाली. शतावरीचा मात्र चांगला गुण आला. गेल्या महिन्यात दोन दिवस थोडं लाल गेलं, म्हणजे पाळी परत सुरू झाली.

सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. भावजय म्हणते, पिशवी काढून टाक, मी काढली आणि सुटले. यातलं काय चालू ठेवू, काय बंद करू? आणखी एखादी वनस्पती सुचवाल का? आणि लिहायला संकोच वाटतो, पण खाली फार कोरडं पडतं, लघवीला जळजळतं, ह्यांच्याजवळ जायची भीतीच वाटते.

एक शिक्षिका

*

नमस्कार बाई,

पत्रात तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण सगळ्यात महत्त्वाचा विचारलाच नाही. तो शतावरीचा गुण म्हणून सांगून तुम्ही पुढे गेलात. सोळा महिने पाळी नव्हती आणि मग दोन दिवस लाल गेलं. ही पाळी परत आलेली नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं आम्ही धरतो. त्यानंतर लाल दिसलं, मग ते दोन दिवस असो की कपड्याला लागलेला एखादा फिकट डाग, तर त्याची तपासणी करायचीच. थोडंच होतं, आपोआप थांबलं, दुखलं नाही, यातलं कुठलंच कारण ती टाळायला पुरत नाही.

लगेच घाबरून जाऊ नका. अशा दहा जणींपैकी साधारण नऊ जणींमध्ये कारण साधं निघतं. आतलं अस्तर सुकून नाजूक झालेलं असतं, एखादा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसाचा छोटा कोंब असतो. उरलेल्या एकीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो, आणि हा कॅन्सर असा आहे की पहिल्या डागालाच बाई दवाखान्यात आली तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. म्हणून हा डाग अंगावर काढायचा नाही.

करायचं काय, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन खालून करतात ती सोनोग्राफी करून घ्यायची. त्यात अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी आली तर बऱ्याच अंशी निश्चिंत होता येतं. जास्त आली, किंवा कमी येऊनही पुन्हा लाल गेलं, तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. बारीक नळीने ओपीडीतच घेता येतो, पाळीत दुखतं तसं काही मिनिटं दुखतं. येत्या आठवड्यातच जा. परीक्षा, पेपर तपासणी, घरातलं कार्य, काही मध्ये आणू नका.

हे शतावरीमुळे झालं का? सांगता येत नाही. शतावरीत, सोयाबीनमध्ये, रेड क्लोव्हर या परदेशी वनस्पतीत स्त्री-हार्मोनशी थोडंफार साम्य असलेली द्रव्यं असतात, तेव्हा ती अस्तराला डिवचतील ही शंका अगदीच निराधार नाही. पण शंका त्यांच्यावर ढकलून तपासणी टाळायची, हे मी तुम्हाला करू देणार नाही. शतावरी बंद केल्यावर लाल थांबलं तरी सोनोग्राफी करायचीच. आणि हे कुणाला बोललात तर कुणी ना कुणी अशोकारिष्टाची बाटली पुढे करेल, कारण जास्त अंगावर जात असेल तर ते द्यायची जुनी पद्धत आहे. तुमच्या बाबतीत ते मुळीच नको. एक तर त्यात गूळ असतो आणि आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं. शिवाय बाजारात सीता-अशोकाच्या सालीच्या नावाखाली भलतीच साल खपते, सोसायटीच्या कंपाउंडला लावतात त्या उंच सरळ खोट्या अशोकाची. पण समजा साल अगदी अस्सल मिळाली, तरी कारण कळायच्या आत रक्त थांबवणं म्हणजे पुरावा पुसणं.

आता धडधड. तुम्ही ती मेनोपॉजच्या खात्यात टाकली आहे. मला तिचा संशय अश्वगंधावर आहे. अश्वगंधा थायरॉईडचे हार्मोन वाढवू शकते. ज्यांची थायरॉईड मंद आहे आणि जे वरून थायरॉक्सिनची गोळी घेतात, त्यांच्यात ही दोन्ही मिळून मात्रा जास्त होऊ शकते. थायरॉईड जास्त झाली की काय होतं? छातीत धडधड, घाम, उकाडा सहन न होणं, हात थरथरणं, झोप उडणं. म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी सुरू केली, तोच त्रास गोळी अंगात तयार करते आणि आपल्याला वाटतं मेनोपॉज वाढला! मग शेजारीण सांगते, अजून एक गोळी वाढव.

अश्वगंधाला वाईट ठरवायचं नाही मला. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरच्या बायकांवर आपल्याकडे एक छोटी चाचणी झाली. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिला, आणि त्रासाचे गुण कमी झाले. ताणाने झोप लागत नसेल तर तिचा काहींना उपयोग होतो, हेही खरं. पण चाचणी छोटी आणि दोन महिन्यांची होती. दुसऱ्या बाजूला अश्वगंधा घेऊन काविळ झाल्याच्या, यकृताला सूज आल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत झाल्या आहेत. डेन्मार्कने तर २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. तो निर्णय अतिरेकी होता असं मानणारे पुष्कळ आहेत, ते वाद त्यांचे त्यांना करू दे. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईने मात्र कुणाला न विचारता ती घेऊ नये, एवढं माझं मत पक्कं आहे.

लेबलचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो मोठा करून वाचला. पुढच्या बाजूला फुलं, हसरी बाई आणि '१०० टक्के नैसर्गिक'. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ब्लॅक कोहोश, रेड क्लोव्हर, सोया आयसोफ्लेव्होन, अश्वगंधा अर्क, ज्येष्ठमध अर्क आणि बायोटिन हे जीवनसत्त्व. सगळ्यांचं मिळून वजन ५०० मिलिग्रॅम दिलंय, कशाचं किती ते कुठेही नाही. म्हणजे तुम्ही रात्री अश्वगंधाच्या दोन गोळ्या घेत होतात आणि कॅप्सूलमधून वर आणखी दोन वेळा अश्वगंधाच घेत होतात, किती ते त्या कंपनीलाच ठाऊक. त्याच बाजूला चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आहे आणि त्याखाली 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलंय. म्हणजे कायद्याने ही वस्तू औषध नाही, आयुर्वेदिक औषधसुद्धा नाही. खाद्यपदार्थांच्या परवान्यावर विकलेली पूरक वस्तू आहे. आयुर्वेदिक औषधावर उत्पादनाचा वेगळा परवाना क्रमांक असतो. तुम्ही 'आयुर्वेदिकच घ्यायचं' ठरवलंत आणि घरात आली ही. मुलीचा दोष नाही, पुढची बाजू वाचून कुणीही फसेल.

त्यातल्या ज्येष्ठमधाकडे बघा. घसा बसला की तुम्ही वर्गात जाण्याआधी एखादी काडी चघळत असाल, त्याने काही होत नाही. पण अर्क रोज, महिनोन्महिने पोटात गेला तर अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम उतरलं की पुन्हा धडधड. तुमचं बीपी अडीच महिन्यांत मोजलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. आजच मोजा.

ब्लॅक कोहोश ही उत्तर अमेरिकेतल्या जंगलातली वनस्पती, तिथले मूळ रहिवासी बायकांच्या दुखण्यांवर तिचं मूळ वापरत. वाफांवर तिची जितकी जाहिरात झाली तितकी क्वचितच कुठल्या झाडाची झाली असेल. २०१२ साली कोक्रेन या संस्थेने तोवरच्या १६ चाचण्या एकत्र करून तपासल्या, दोन हजारांवर बायका होत्या त्यांत. उपयोग होतो असं म्हणायला पुरेसा आधार मिळाला नाही. यकृताच्या त्रासाच्या तक्रारी मात्र आल्या, त्यामुळे ब्रिटन, ऑस्ट्रेलियात तिच्या डब्यांवर तसा इशारा छापतात. तुमच्या डब्यावर मला तो दिसला नाही. एकुणात ही कॅप्सूल बंद. उरलेल्या गोळ्या वाया जातील म्हणून संपवू नका आणि जावेलाही देऊ नका.

शतावरीबद्दल माझ्या मनात राग नाही, बाळंतिणीच्या खोलीत तिची बरणी मीही लहानपणापासून पाहिली आहे. पण वाफा कमी करण्याबाबत तिच्यावरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. बऱ्याचदा ती चार-पाच वनस्पतींच्या मिश्रणात दिलेली असते, त्यामुळे गुण कुणाचा ते कळत नाही. तुमच्या बाबतीत त्याहून रोखठोक अडचण आहे. शतावरी कल्प म्हणजे प्रामुख्याने साखर. बरणीवरचे घटक वाचा, सगळ्यात मोठा आकडा साखरेचाच सापडेल. बॉर्डरवरच्या साखरेला दिवसाचे चार चमचे अडीच महिने दिलेत. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, करून घ्या. पुढे कधी, सोनोग्राफी व्यवस्थित आल्यावर आणि वैद्यांनी सांगितलं तर, शतावरीचं साधं चूर्ण घ्या. कल्प नको.

जवसाची गोष्ट मला आवडते, कारण तिच्यात आशा आणि निराशा दोन्ही नीट नोंदलेल्या आहेत. अमेरिकेत २००७ च्या सुमारास एका लहान प्रयोगात रोज ४० ग्रॅम जवस खाऊन बायकांच्या वाफा जवळजवळ निम्म्यावर आल्या. सगळ्यांना आनंद झाला. मग त्याच मंडळींनी मोठी चाचणी घेतली. १८८ बायका, निम्म्यांना जवसाची वडी आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण जवस नसलेली. निकाल असा आला की जवस खाणाऱ्यांतल्या साधारण एक तृतीयांश बायकांच्या वाफा निम्म्याने कमी झाल्या, आणि न खाणाऱ्यांतल्याही साधारण एक तृतीयांश बायकांच्या झाल्या. फरक काहीच नाही.

हा निकाल तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण तुम्ही लिहिलंय 'वाफा थोड्या कमी वाटतात'. वाटत असतीलच. वाफांच्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांनाही असाच बराच आराम पडतो. एक तर काहीतरी केल्याने मन निवतं, दुसरं म्हणजे वाफांना भरती-ओहोटी असते आणि माणूस भरतीच्या वेळी औषध सुरू करतो. म्हणून 'मला गुण आला' या एका बाईच्या अनुभवावर, मग ती तुमची जाऊ असो की यूट्यूबवरची कुणी, दुसऱ्या बाईने बरणी विकत घेऊ नये. जवस मात्र चालू ठेवा, वाफांसाठी म्हणून नव्हे. भाजून, लसूण-तिखट घालून चटणी करा, भाकरीबरोबर खा. पोट साफ राहतं, चरबी चांगली आहे. अख्खे खाऊ नका, तसेच बाहेर पडतात. आणि थायरॉईडची गोळी घेतल्यावर लगेच ती पूड घेऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही. सोयाचंही तसंच. कॅल्शियम, लोह यांच्या गोळ्या तर चार तास लांबच ठेवायच्या.

कोकम, सबजा, माठातला वाळा, धन्या-जिऱ्याचं पाणी यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण उन्हाळा आहे तेव्हा पुढचं पत्र त्याबद्दल येणार हे मला माहीत आहे. खुशाल घ्या. यांनी वाफा थांबतात असा कुणाचा दाखला नाही, पण घामाघूम झालेल्या बाईला मीठ-जिरं घातलेलं आगळाचं पाणी गोड लागतं, तेवढं कारण पुरे. साखरेचं कोकम सरबत आणि गुलकंद तेवढा तुम्हाला नको.

'आणखी एखादी वनस्पती सुचवाल का', याचं उत्तर आत्ता तरी नाही असंच आहे. पुढे घ्यायचीच इच्छा झाली तर आयुर्वेद शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे स्वतः जा आणि थायरॉईड, बीपी, साखर, रक्त गेल्याचं, सगळं सांगा. पूर्वीच्या वैद्यांनी या वयाचा विचार केलेला आहेच. सुश्रुतसंहितेत रज बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतं आणि पन्नाशीत सरतं असं म्हटलंय, आणि ते सरणं हा रोग म्हणून सांगितलेलं नाही. चांगला वैद्य तुमची भूक, झोप, कोठा विचारल्याशिवाय पुडी बांधणार नाही. जो नुसता फोनवर 'मेनोपॉज किट' कुरिअर करतो तो वैद्य नव्हे. भस्म घातलेलं काही स्वतःच्या मनाने घेऊ नका. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली भारतीय बनावटीची आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ज्या डब्यावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असं छापलेलं असतं, ते शोभेला छापलेलं नसतं. आणि एका वेळी एकच औषध. चार एकदम सुरू केली की गुण आला तरी कुणाचा कळत नाही, अवगुण आला तरी कळत नाही. तुमचंच बघा.

आता ज्याने खरोखर फरक पडतो त्याबद्दल. वाफा गर्भाशयातून येत नाहीत, मेंदूतून येतात. शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र मेंदूत आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरलं की ते इतकं हळवं होतं की एक साधा दिवा लावला तरी एमसीबी पडावा, तसं थोड्याशा उष्णतेनेही शरीर घाबरून रक्त कातडीकडे ढकलतं आणि घाम फोडतं. म्हणून इस्ट्रोजेन परत दिलं की वाफा सगळ्यात जास्त कमी होतात. त्याच्या आसपासही कुठली वनस्पती पोचत नाही.

कॅन्सरची भीती आली ती २००२ सालापासून. अमेरिकेतला हार्मोनच्या गोळ्यांवरचा एक प्रचंड अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि जगभर बातम्या झाल्या. त्या बातम्यांत दोन गोष्टी मागे पडल्या. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. आणि इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या जोडगोळीने वाढलेला स्तनाचा कॅन्सर किती, तर दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण आठ जास्त. हा धोका खोटा नाही, पण 'गोळी घेतली की कॅन्सर' याच्या जवळपासही जात नाही. आज जगभरातल्या तज्ज्ञ संघटना सांगतात की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास खूप असेल आणि बाकी प्रकृती ठीक असेल तर फायदा धोक्यापेक्षा जास्त. तोंडातल्या गोळीऐवजी कातडीवर लावायचा जेल किंवा पॅच घेतला तर रक्तात गुठळी होण्याचा धोकाही कमी. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला आहे, गुठळी झालेली आहे, किंवा रक्त का गेलं याचं कारण सापडलेलं नाही, त्यांना हे देत नाहीत. शेवटच्या गटात आत्ता तुम्ही आहात. म्हणून पुन्हा तेच: आधी सोनोग्राफी.

हार्मोन नकोच असेल तरी हात बांधून बसायची गरज नाही. नैराश्यावर देतात त्यातल्या काही गोळ्या अगदी कमी मात्रेत वाफांवर चालतात. चिठ्ठी वाचून मेडिकलवाला विचित्र बघेल, बघू दे. रात्रीच्या घामाला गॅबापेंटिनचा उपयोग होतो. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचाराची एक पद्धत आहे, सीबीटी, तिनेही वाफांचा जाच कमी होतो हे सिद्ध झालंय. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ साली बिनहार्मोनच्या उपायांची यादी काढली तेव्हा या तिन्ही गोष्टी 'शिफारस' या रकान्यात आल्या, वजन उतरवणंही आलं. वनस्पती आणि सोया 'शिफारस नाही' या दुसऱ्या रकान्यात गेले. योगासुद्धा दुसऱ्याच रकान्यात गेला, निदान वाफांपुरता! पाठ, झोप आणि डोकं ताळ्यावर राहावं म्हणून तो करा, मी स्वतः करते.

कोरडेपणाचं तुम्ही शेवटी लिहिलंत, संकोचाने. याच्यावरचा उपाय सगळ्यात सोपा आहे आणि बायका सगळ्यात कमी मागतात तोही हाच. वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात, हा कोरडेपणा ओसरत नाही, वाढत जातो. लघवीची जळजळ बहुधा त्याच्यामुळेच. तरी एकदा लघवी तपासा, जंतू असतील तर त्यांचं औषध वेगळं. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम येतं, ते रक्तात जेमतेम उतरतं. तपासणी झाली की डॉक्टरांना त्याचं नाव घेऊन विचारा, 'थोडा त्रास आहे' असं मोघम सांगू नका. तोवर जवळ येताना पाण्याचा बेस असलेलं जेल वापरा, मेडिकलमध्ये मिळतं. तुरटीचं पाणी, डेटॉल, सुगंधी वॉश यांनी धुणं आजपासून बंद. त्याने आणखी कोरडं पडतं. आणि ह्यांना सांगा, की टाळते ती तुम्हाला नाही, दुखण्याला टाळते. कुडकुडत का होईना पंखा पाचवर चालवून घेणारा माणूस हे ऐकून घेईल असं मला वाटतं.

पिशवी काढायचा प्रश्नच येत नाही. तपासणीत काही निघालं तर गोष्ट वेगळी, पण वाफांसाठी कुणी पिशवी काढत नाही. भावजय सुटली असेल ती रक्तस्रावातून. पाळी जायच्या आधी अंडाशयंही काढली असतील तर वाफा काही दिवसांतच येतात, आणि जोरात येतात. आपल्या राज्यात या शस्त्रक्रियेचं काय झालंय ते तुम्हाला ठाऊक असेल. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीने केली तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यांतल्या कित्येक अगदी तरुण. 'काढून टाक, सुटशील' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या वेळी वाफा होत्या, त्या सांगायला कुणी नव्हतं. एखाद्या दुपारी निवांत विचारा, मग काय काय बाहेर पडतं ते बघा.

आता क्रम सांगते. अश्वगंधा, कल्प आणि कॅप्सूल आज बंद, यातलं काहीच हळूहळू सोडावं लागत नाही. बीपी आज मोजा. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ उद्या घ्या आणि जाताना चारही डबे पिशवीत घालून न्या, नावं सांगू नका, डबेच दाखवा. थायरॉईडची टीएसएच, एचबीएवनसी, पोटॅशियम आणि यकृताची तपासणी एकाच वेळी रक्त देऊन होते. पण कॅप्सूलमधल्या बायोटिनने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून बंद केल्यावर तीन दिवस जाऊ द्या आणि मग रक्त द्या. सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, अश्वगंधा उतरल्यावरचा खरा आकडा तेव्हा कळेल. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर मात्र यातल्या कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजी. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अंगाला खाज सुटली, तर यकृताचा रिपोर्टही तातडीने.

थायरॉईडची आणि बीपीची गोळी यातल्या कुठल्याही दिवशी स्वतःहून बंद करायची नाही. रक्त द्यायचं त्या सकाळी थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, आणि तिच्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नको.